निगडित

मसाल्याच्या डब्यातून दगडफुलाचा एक तुकडा घ्या. तळहातावर ठेवा.

वजन जाणवत नाही. थोडं थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर. तुकडा किंचित थरथरतो.

बघा. एक बाजू राखाडी, जराशी हिरवट. उलटी बाजू काळी. कडा मुडपलेल्या, पापुद्रे कागदासारखे. गोडा मसाला करताना आपण हे तेलात परततो, कुटतो. बघायचं मात्र राहून जातं.

आज बघू या.

हे फूल नाही. झाडाच्या सालीवर, दगडावर एकत्र वाढलेले जीव आहेत. बुरशी आणि शैवाल.

बुरशी कुठे संपते? शैवाल कुठे सुरू होतं? नजरेने शोधा. घाई नको.

सापडत नाही.

बुरशीच्या बारीक तंतूंमध्ये शैवालाच्या पेशी बसलेल्या असतात. शैवाल उन्हात साखर तयार करतं, बुरशीला देतं. बुरशी ओल धरते, तापलेलं ऊन अडवते. पाऊस सरला की दोघं सुकतात. पाऊस आला की दोघं जागी होतात.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता एक शब्द हलकेच म्हणा. निगडित.

पुन्हा म्हणा. निगडित.

ऐका, तो एकटा उभा राहत नाही. कशाशी, असं लगेच विचारावंसं वाटतं. पावसाशी निगडित. जमिनीशी निगडित. पोटापाण्याशी निगडित.

त्या ‘शी’पाशी थांबा. किती लहान अक्षर, आणि केवढं धरून ठेवतं.

संस्कृतात निगड म्हणजे बेडी, साखळी. तोही भार या शब्दात आहे. जाणवू द्या.

सिमोन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात सांगितलं, की अशा वाढीत दोन जीव असतात. अनेक अभ्यासकांना ते पटेना. मला त्यांचं नवल वाटत नाही. हातात तर एकच वस्तू दिसते. श्वेंडेनरला बुरशी मालक वाटली, शैवाल तिच्या ताब्यातले गुलाम.

तुकड्याकडे पुन्हा बघा. बेडी कुणाच्या पायात आहे?

उत्तर देऊ नका. बघत राहा.

प्रयोगशाळेत ही बुरशी एकटी वाढवली, तर बहुधा तिचा नुसता बेढब गोळा होतो. हे पापुद्रे, या मुडपलेल्या कडा तिला शैवालाच्या सोबतीतच येतात.