चांदीचा खिळा

निवृत्त माणसाला एखादा छंद असावा, असं त्याच्या घरातल्या इतर मंडळींचं मत असतं. त्याला स्वतःला तसं काहीही वाटत नसतं. खिडकीशी बसून दुसऱ्या चहाची वाट बघण्यात तो पूर्ण रमलेला असतो. पण वाट एकानं बघायची आणि चहा दुसऱ्यानं करायचा, अशी ही व्यवस्था असल्यामुळे छंदाची गरज नेहमी स्वयंपाकघरातून निर्माण होते.

माझा छंद एका खोक्यातून आला. इंग्लंडात असलेल्या भाच्यानं येताना ते आणलं आणि म्हणाला, "मामा, तुम्हाला सुतारकामाची आवड आहे ना?" ही अफवा कशी पसरली ते मला ठाऊक आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी एका स्टुलाचा डुगडुगणारा पाय कापून सारखा केला होता. मग दुसरा कापावा लागला, मग तिसरा. चौथ्यापर्यंत पोचलो तेव्हा त्या स्टुलाचा पाट झाला होता. आमच्या घरात अजून त्यावर बसून जेवतात. पण भाच्याच्या लहानपणच्या आठवणीत 'मामानं पाट केला' एवढंच राहिलं असावं.

खोक्यावर जहाजाचं चित्र होतं. 'व्हिक्टरी'. १८०५ साली ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सन ज्यावर लढला आणि ज्यावर मेला, ते हे जहाज. तीन डोलकाठ्या, एकशे चार तोफा आणि कोळ्यानं महिनाभर रजा न घेता विणावं असं दोऱ्यांचं जाळं. अस्सल जहाज पोर्टस्मथला १९२२ सालापासून सुक्या गोदीत उभं आहे. माझ्या वाट्याला आलं होतं त्याचं शंभराला एक या प्रमाणातलं लाकडी रूप, सुट्या तुकड्यांत. या विषयातले जाणकार सांगतात, की नवशिक्यानं आधी एका डोलकाठीची साधी होडी करावी. हे मला जहाजाला हात घातल्यावर आठ महिन्यांनी कळलं.

खोक्यात अगरबत्तीच्या पुड्यांसारखे लाकडी पट्ट्यांचे जुडगे होते, मिऱ्याएवढ्या तोफा होत्या, पितळी खिळे होते आणि पाच भाषांतली एक पुस्तिका होती. त्यातली एक भाषा इंग्रजी होती, असं भाचा म्हणतो.

आधी मधला कणा उभा करायचा आणि त्याला आडव्या फासळ्या बसवायच्या. हे मी केलं. ताटात पापलेटाचा काटा उरावा तसं काहीतरी टेबलावर दिसायला लागलं. मग त्या फासळ्यांच्या कडा तिरक्या घासायच्या, म्हणजे वरून येणारी पट्टी सर्वत्र नीट टेकते. मी दोन आठवडे घासल्या. दोन आठवड्यांनी असं लक्षात आलं, की पुढच्या अर्ध्या फासळ्या मी उलट्या बाजूनं तिरक्या केल्या आहेत. त्याच सुमारास स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार दुरुस्त करायला मिस्त्री आले होते. त्यांनी तो सांगाडा हातात घेतला, एक डोळा मिटून पाहिला आणि विचारलं, "साहेब, उंदरांचा पिंजरा काय?" मी लढाईचा इतिहास सांगितला. तो संपेपर्यंत त्यांनी चार फासळ्यांना लाकडाच्या चकत्या चिकटवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी येऊन वीस मिनिटांत सगळ्या कडा कानशीनं सरळ केल्या. पैसे घेतले नाहीत. "ह्याचे काय घ्यायचे?" म्हणाले. चहा घेतला.

मग पट्ट्या. जहाज पोटाशी फुगीर आणि नाळेशी निमुळतं. तेव्हा पट्टीला वाकणं भाग. माझ्या नऊ पट्ट्या मोडल्या. दहावी घेतली तेव्हा आमची ही दारात उभी होती. "अहो, कोरड्या काडीला वाकवताय कशाला? भिजवा की. पोहेसुद्धा भिजवल्याशिवाय होत नाहीत!" गरम पाण्यात अर्धा तास ठेवलेली पट्टी पातेल्याच्या अंगाला लावून वाकवली, तर ती शहाण्या सुनेसारखी वाकली. पुस्तिकेत हेच पान सातवर चित्रासकट दिलेलं होतं. पण ते पातेलं कुठल्या फळीवर आहे, हे मात्र दिलेलं नव्हतं.

या पट्ट्यांचे थर दोन असतात. पहिला थर साध्या फिक्या लाकडाचा. तो कितीही ओबडधोबड झाला तरी चालतो; फटीत लांबी भरायची, सँडपेपर मारायचा, आणि वरून अक्रोडाच्या पातळ पट्ट्यांचा दुसरा थर द्यायचा. आतलं पाप आत राहतं. मला ही पद्धत फार ओळखीची वाटली. आपल्या मध्यमवर्गीयांचे दिवाणखाने याच तत्त्वावर उभे आहेत.

राहता राहिल्या दोऱ्या. माझी बोटं तीस वर्षं फायलींच्या नाड्या बांधण्यात गेलेली. मिऱ्याएवढ्या कप्पीत दोरा ओवायचा म्हणजे एक आकडा दिसायचा आणि दुसरा हलायचा. मे महिन्याच्या सुट्टीत नात आली, चिमी, वय वर्षं अकरा. "आजोबा, मी करू?" म्हणाली, आणि दोन सुट्ट्या तिनं गाठी मारल्या. शेकड्यानं मारल्या. मी बॅटरी धरली आणि मार्गदर्शन केलं. ते ती ऐकत नव्हती, म्हणून दोऱ्या सरळ आल्या.

दोन वर्षं अकरा महिने लागले. अस्सल 'व्हिक्टरी'चा कणा १७५९ साली बसवला आणि जहाज पाण्यात गेलं १७६५ साली, म्हणजे जवळजवळ सहा वर्षं. शंभराला एक या प्रमाणात माझं काम बावीस दिवसांत आटपायला हवं होतं. हा हिशेब हिनं केला.

जहाज शोकेसवर विराजमान झालं. पहिल्याच रविवारी ऑफिसातले एक जुने साहेब आले. त्यांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं, आणि ज्यासाठी माणूस तीन वर्षं जगतो तो प्रश्न विचारला : "तुम्ही केलंत?"

"हो," मी म्हणालो. "मीच केलं."

चिमी चिवड्याची बशी घेऊन तिथंच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. सुटे पैसे परत न देता पुढं गेलेल्या कंडक्टरकडे आपण पाहतो ना, तसं. बशी टेबलावर ठेवली आणि आत गेली. नंतरची सगळी संध्याकाळ ती माझ्याशी अतिशय सभ्यपणानं बोलत होती. लहान मूल सभ्यपणानं बोलायला लागलं, की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

रात्री झोप येईना. 'मी केलं' हे एकवेळ ठीक होतं. तो 'च' कुठून आला? मिस्त्रींच्या फासळ्या, हिची पट्टी, चिमीच्या गाठी, आणि वर माझा 'च'!

ग्रीकांना जहाजावरून असाच एक प्रश्न पडला होता. थीसियस नावाच्या वीराचं तीस वल्ह्यांचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं. फळी कुजली की काढायची, नवी बसवायची. तेव्हा हे जहाज तेच की दुसरं, यावर तत्त्वज्ञ भांडत बसले, असं प्लुटार्कनं लिहून ठेवलंय. माझी अडचण उलटी होती. माझ्या जहाजाच्या फळ्या त्याच होत्या. हात बदलले होते. फळ्या बदलल्या तर जहाज कुठलं, हे ग्रीकांनी विचारलं. हात बदलले तर जहाज कुणाचं, हे विचारायला माझ्या घरी अकरा वर्षांची मुलगी होती.

मग व्याकरणाकडे धाव घेतली. 'मी जहाज केलं' हा कर्मणी प्रयोग. मी होडी केली, मी पडाव केला. क्रियापद कर्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते होडीकडे, पडावाकडे बघून बदलतं. मी केलं, तिनं केलं, आम्ही सगळ्यांनी केलं, 'केलं' आपलं तेच. आपल्या भाषेला हे शाळेपासून ठाऊक आहे, की काम झालं हे महत्त्वाचं. 'च' मात्र भाषा लावत नाही. तो आपण आपल्या खिशातून लावतो.

भाच्यानं एकदा एक फोटो पाठवला होता. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल इथं 'त्रिंकोमाली' नावाची एक जुनी युद्धनौका आहे, अजून पाण्यावर तरंगते आहे. ती आपल्या मुंबईच्या गोदीत सागवानाची बांधली, १८१७ साली पाण्यात सोडली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. काम सुरू करताना त्यांनी कण्यात चांदीचा एक खिळा ठोकला. त्यांच्यात तो शुभ मानतात. एक खिळा! बाकीचे ज्यांनी ठोकले, त्यांची नावं फोटोखाली नव्हती. तरीही 'हे जहाज जमशेटजींनी बांधलं' हे वाक्य खोटं आहे, असं काही मला म्हणवेना. ते जहाज पहिल्याच वादळात बुडालं असतं, तर बोट त्यांच्याकडेच दाखवलं गेलं असतं. चांदीचा खिळा ठोकायचा मान ज्याला, बुडालेल्या जहाजाचा जाबही त्यालाच.

अंथरुणावर उठून बसलो तो इथं. 'मी केलं' म्हणायला माझी हरकत नव्हतीच. मी रोज रात्री बसलो नसतो, तर ते खोकं आज माळ्यावर असतं. पण म्हणणाऱ्यानं चुकाही आपल्या नावावर घ्यायला हव्यात. आता एक गोष्ट सांगायची राहिली. जहाजाच्या डाव्या बाजूची तोफांची मधली रांग मी एकट्यानं, कुणाचीही मदत न घेता आखली होती. ती मध्येच खाली उतरते. तिथल्या पाच तोफांचा नेम शत्रूवर नसून माशांवर आहे. आणि शोकेसवर जहाज ठेवताना ती बाजू मी भिंतीकडे केली होती. म्हणजे दुसऱ्यांचं कौशल्य पाहुण्यांकडे, आणि माझं भिंतीकडे. खोटेपणा होता तो तिथं. 'च' नंतर आला.

सकाळी उठल्याबरोबर जहाज फिरवलं. "अहो, उलटं का ठेवताय?" हिनं विचारलं. चिमी दात घासत तिथं आली. मी म्हटलं, "काल माझं चुकलं गं. तुझं नाव सांगायला हवं होतं." ती काही बोलली नाही. जहाजाकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आजोबा, या बाजूच्या गाठी मी घाईत मारल्यात. त्या दिवशी सर्कशीला जायचं होतं ना. आता त्या दिसतील."

"दिसू देत," मी म्हटलं. "आपण दोघं एकाच बाजूला आहोत."

पुढच्या रविवारी शेजारचे आले. वाकून पाहिलं. "तुम्ही केलंत?" त्यांनी विचारलं. मी मिस्त्रींपासून सुरुवात केली. पातेल्यापर्यंत आलो तेव्हा ते घड्याळाकडे बघायला लागले. खरं उत्तर लांब असतं, आणि पाहुण्यांना बस गाठायची असते. तेव्हा मी आवरतं घेतलं.

"आम्ही सगळ्यांनी केलं," मी म्हणालो. "या मधल्या पाच वाकड्या तोफा तेवढ्या मी."

आतून चिमीचा आवाज आला, "मी'च' म्हणा, आजोबा!"