उभ्या गाडीचं खरं

सेकंडहँड इलेक्ट्रिक मोटरसायकल घेताना आधीचा मालक म्हणाला होता, "कधी त्रास दिला नाही हो." आठवड्यात ती चढावर बंद पडली. मी मनातल्या मनात त्याला खोटारडा ठरवलं.

उभ्या गाडीत मल्टिमीटर 82 व्होल्ट दाखवी. 72 व्होल्टच्या पॅकला हे उत्तमच. मग मीटर टाकीला चिकटवून चढावर गेलो. 50 अँपिअर ओढताना एका काळवंडलेल्या कनेक्टरवरच 5 व्होल्ट पडत होते, म्हणजे त्या बोटभर जागेत 250 वॉट उष्णता! बॅटरी अर्ध्यावर असली की एवढी घट कंट्रोलरला पुरते.

तो राहतो सपाट भागात. त्याच्यापुरतं तो खरंच बोलला असेल. पण कनेक्टरवर चिकटपट्टीचे ताजे वेढे होते. ते पावसासाठी, की झाकण्यासाठी? माहीत नसणं आणि माहीत करून न घेणं, यांतला फरक कुठल्या मीटरनं मोजायचा?

कनेक्टर बदलला. नंतर गाडी एकदाच बंद पडली, भर पावसात. कारण सापडलं नाही. खरं तर मी फारसं शोधलंही नाही.

उद्या एक मुलगा गाडी बघायला येतोय. "काही प्रॉब्लेम?" असं त्यानं फोनवरच विचारलं. मी म्हणालो, "या तर खरं, चालवून बघा."