बैलाचे कातडे

जव्हारच्या मुलांना आपल्या गावाचा इतिहास शिकवताना मी दरवर्षी एकाच ठिकाणी अडखळतो. ते ठिकाण म्हणजे राज्याचा आरंभ. १२९४ पर्यंत, दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरेपर्यंत, हा मुलूख एका वारली नायकाच्या ताब्यात होता, असे जुन्या गॅझेटिअरात नमूद आहे. पुढे महादेव कोळी जमातीतले जयबा मुकणे आले. आख्यायिका अशी, की त्यांनी बैलाचे कातडे झाकील एवढीच जमीन मागितली आणि ती मिळाली. मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली, आणि त्या वेढ्यात सारे राज्य आले! जयबांचे पुत्र नीमशहा यांना दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली, आणि ५ जून १३४३ पासून जव्हारचा स्वतंत्र शक सुरू झाला. राज्य नांदले ते थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत.

गोष्ट ऐकून वर्ग हसतो. एका वर्षी मागच्या बाकावरचा वारल्याचा एक मुलगा हसला नाही. त्याने विचारले, “गुरुजी, ज्यानं जमीन दिली, त्याचं नाव काय?”

मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. घेणाऱ्याची वंशावळ आपण पाठ करतो. शब्दावर विसंबणाऱ्याची कोण करतो?

शब्द अक्षराने पाळला, म्हणजे तो पाळला असे म्हणावे काय? आख्यायिकेतले जयबा खोटे बोलले नाहीत. पण शब्द एकट्याचा नसतो. बोलणाऱ्याच्या ओठांतून तो निघतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात पुरा होतो. त्या मनातला अर्थ ठाऊक असून जो दुसराच अर्थ वसूल करतो, तो खोटे न बोलताही फसवतो. आफ्रिकेतल्या कार्थेज नगरीच्या डायडो राणीबद्दल हुबेहूब हीच कथा सांगतात. तेव्हा ती कोठेच घडली नसेलही. पण ती सांगताना आपल्याला कौतुक वाटते, हे तर खरे ना?

याउलट फ्रान्सचा नववा लुई पाहा. १२५० साली तो इजिप्तमध्ये कैद झाला. सुटकेचे द्रव्य तराजूने तोलून द्यायचे होते. तोलताना शत्रूला दहा हजार लिव्हरांना फसवले, असे एका सरदाराने फुशारकीने सांगितले, तेव्हा राजा संतापला आणि ती रक्कम त्याने पुरी करायला लावली. त्याचा सोबती जॉइनव्हिल याने हे लिहून ठेवले आहे. हा राजा निष्कलंक होता असे नव्हे. त्याच्याच राज्यात पॅरिसला ज्यूंचे धर्मग्रंथ जाळले गेले. पण परधर्मी शत्रूला दिलेला शब्दही त्याने शत्रूच्या अर्थाने पाळला. १२७० मध्ये तो वारला ट्यूनिसजवळच्या छावणीत, म्हणजे जुन्या कार्थेजच्याच भूमीवर!

वाचकहो, राजेरजवाड्यांचा न्याय करणे सोपे आहे. १९५० च्या सुमारास माझ्या आजोबांनी एका वारल्याकडून वरकस जमीन घेतली. ‘ओहोळापर्यंत’ असे ठरले. ओहोळ दोन होते. देणाऱ्याच्या मनात अलीकडचा होता, हे आजोबांना पुरते माहीत होते. कागदावर अंगठा उठला आणि आम्ही पलीकडच्या ओहोळापर्यंत नांगर घातला. घरात ही हकीकत आजोबांच्या हुशारीची म्हणून सांगत, आणि मीही ती हसत ऐकली आहे. त्या पट्टीतली नागली खाऊनच मी मोठा झालो.

परवा मी ती पट्टी पावलांनी मोजून आलो. एकशे बारा पावले भरली. आजोबा गेले, तो वारलीही गेला. त्याची नातवंडे पाड्यावर आहेत. जव्हारच्या त्या नायकाचे नाव मी मुलाला सांगू शकलो नाही. या माणसाचे नाव मात्र आमच्याच कागदावर, अंगठ्याशेजारी लिहिलेले आहे. नाव ठाऊक नव्हते, ही सबब निदान मला नाही.