आपला गज तपासा



खोटी तागडी देवाला खपत नाही, ही नीतिसूत्रांच्या 11व्या अध्यायाची शिकवण आपण वाण्याच्या दुकानापुरतीच ठेवतो. आज ती आकाशाला लावून पाहू.

विश्व पसरत आहे. आपल्या आकाशगंगेसारखे दूरचे तारकासंघ आपल्यापासून लांब जात आहेत. त्यांचा वेग त्यांच्या प्रकाशावरून कळतो. अंतर मोजायला मात्र गज लागतो. तो दिला हेन्रिएटा लेविट या पाळकाच्या कन्येने. सेफीड नावाच्या ताऱ्यांचे तेज ठराविक काळाने कमीजास्त होते. जितका तारा तेजस्वी, तितका हा काळ लांब, असे तिने 1912 साली दाखविले. मग मूळ तेज आणि दिसणारे तेज यांवरून अंतर काढता येऊ लागले.

1929 साली एडविन हबल यांनी मांडले की, दर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे हा वेग सेकंदाला सुमारे 500 किलोमीटरने वाढतो. त्या हिशेबाने विश्वाचे वय सुमारे 200 कोटी वर्षे भरले. पण पृथ्वीवरील खडक त्याहून जुने निघाले! लेकरू आईपेक्षा वडील कसे?

तारे खोटे नव्हते, गज चुकला होता. सेफीड तारे दोन प्रकारचे असतात, हे वॉल्टर बाडे यांनी 1952 साली जाहीर केले. अंतरे सुमारे दुपटीने वाढली, आकडा उतरला. आजही प्राचीन प्रकाशावरून तो सुमारे 67 येतो, तर ताऱ्यांवरून सुमारे 73. हा फरक का, हे अजून उलगडलेले नाही. आणि शास्त्रज्ञ तो लपवीत नाहीत.

एकदा उपदेशात मी म्हणालो, "ज्यांचा आकडा सतत बदलतो, त्यांच्यावर विश्वास कोण ठेवील?" उपासनेनंतर एका तरुणाने नम्रपणे विचारले, "काका, चूक सापडल्यावरही आकडा न बदलणे, हा खरेपणा होईल काय?" मी निरुत्तर झालो. खोटी तागडी त्या दिवशी माझ्याच हाती होती.

प्रियांनो, मंडळीत कोणी मागे पडला की आपण त्याला आपल्या गजाने मोजतो. हिशेब जुळला नाही, तर दोष त्याच्या माथी मारतो. लहानपणापासून वचन ऐकलेला आणि काल दाराशी आलेला, दोघांना एकच माप लावतो. आधी आपला गज तपासू या. चुकला असेल, तर चारचौघांत तसे कबूल करू या.

हे प्रभो, आमचे माप खरे कर. आमेन.