पिकण्याच्या उंबरठ्यावर

द्राक्षाला ऊन हवे, हे कुणीही बागायतदार सांगेल. मण्यात गोडी भरते ती उन्हामुळेच. तरीही काही अत्यंत तलम वाइन अशा मुलखांतून येतात, जिथे द्राक्ष जेमतेम पिकते. हे कोडे एका जोडप्याच्या बागेत नीट उलगडते.

डेव्हिड लेट कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात द्राक्षशेती शिकले. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या पिनो न्वार या वाणाने त्यांना झपाटले होते. त्याच्यासाठी त्यांनी ओरेगन राज्यातले विलामेट खोरे निवडले. तिथे थंडी फार, पाऊस फार, म्हणून जाणत्यांनी नको म्हटले. तरी 1965 च्या फेब्रुवारीत पंचविशीतल्या लेटनी सुमारे 3000 काड्या तिथे नेऊन तात्पुरत्या लावल्या. पुढच्या वर्षी पत्नी डायना यांच्या सोबतीने डंडी टेकड्यांच्या लाल मातीत ‘आयरी’ ही बाग उभी राहू लागली.

लेटचा हिशेब समजून घ्यायचा तर मण्याच्या आत डोकवायला हवे. तिथे एकाच वेळी अनेक कामे चाललेली असतात. साखर वाढते, आम्ल उतरते, सालीत रंग आणि सुगंधाची द्रव्ये तयार होतात, बी हिरवी असते ती तपकिरी होते. पण ही सगळी कामे एका चालीने होत नाहीत. ऊन कडक असले की साखर पुढे पळते. रात्रही उबदार असेल तर मणी श्वसनात आपले मॅलिक आम्ल खर्चून टाकतो. मग शेतकरी पेचात पडतो. आत्ता तोड केली तर सुगंध अर्धा राहतो, थांबले तर साखर इतकी चढते की वाइन जड आणि मद्यार्काने तिखट होते. पातळ सालीच्या पिनोला हे अजिबात सोसत नाही.

विलामेट खोरे 45 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. उन्हाळ्यात दिवस लांबतात, पण रात्री गार असतात. साखर सावकाश चढते, तोवर सुगंधाला वेळ मिळतो आणि आम्लही टिकते. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात बागायतदार ओळीतून फिरत मणी तोंडात टाकतो, साल चघळतो, बी दाताखाली फोडून पाहतो. हंगाम सरायला आणि फळ पिकायला एकच गाठ पडावी, असा वाण आणि अशी जागा जुळवायची, हे लेटचे सूत्र होते.

आपल्या नाशिकचा बागायतदार हेच वेगळ्या वाटेने साधतो. तो ऑक्टोबरात गोडी छाटणी घेतो आणि पीक थंड, कोरड्या महिन्यांत नेतो. तिथे कात्रीने ऋतू निवडला जातो. लेटनी मुलूखच निवडला.

मात्र उंबरठ्यावर उभे राहायचे तर जोखीम आलीच. वसंतात कोवळ्या फुटीवर दहिवर पडते, तोडीच्या तोंडावर पाऊस येऊन घड कुजू लागतात. शिवाय नवी वेल दोन-तीन वर्षे काहीच देत नाही. घर चालावे म्हणून लेट महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके विकत. वाइन मॅकमिनव्हिल गावातल्या, पूर्वी टर्की पक्ष्यांवर प्रक्रिया होई अशा जुन्या इमारतीत मुरू लागली. 1970 चा पहिला पिनो इतका फिका उतरला की त्यावर वाणाचे नाव न घालता ‘ओरेगन स्प्रिंग वाइन’ म्हणून तो विकला. पण गडद रंगासाठी त्यांनी आपली रीत सोडली नाही.

त्यांच्या 1975 च्या पिनोने 1979 मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत नामवंत फ्रेंच वाइनच्या पंगतीत जागा मिळवली. बर्गंडीच्या रोबेर द्रुएँ यांनी 1980 मध्ये पुन्हा चाखणी घडवली, तेव्हा लेटची वाइन दुसरी आली. पुढे 1987 मध्ये द्रुएँ कुटुंबाने त्याच टेकड्यांवर जमीन घेतली. आयरीची धुरा आज मुलगा जेसन सांभाळतो.

म्हणून थंड मुलखातली बाग कुटुंबानेच धरावी, असे मला मनापासून वाटते. एका हंगामात पैसा वसूल करणाऱ्याला इथले वाईट वर्ष परवडत नाही. फळाला वेळ देणारी जमीन माणसांकडूनही वेळ मागते, आणि तो देण्याची ऐपत पिढ्यांचा हिशेब मांडणाऱ्या घराकडेच असते.