वार्धक्यातील विस्मृती आणि सुख

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी मुलखात सर्वांच्या तोंडी आहे. घरातील वडील माणसाने एकच गोष्ट दोनदा विचारली की ती म्हण उच्चारली जाते, आणि तिसऱ्यांदा विचारली की ‘म्हातारचळ’ हा शब्द येतो. म्हणीने हसू येते, शब्दाने तिरस्कार येतो. विचार मात्र होत नाही. म्हणून विस्मृती म्हणजे काय, सुखाचा तिच्याशी संबंध कोणता, आणि ज्याची स्मृती गेली त्याच्याविषयी इतरांचे कर्तव्य कोणते, या तीन प्रश्नांचे क्रमाने विवेचन करणे इष्ट आहे.

प्रथम म्हणीचेच परीक्षण करावे. भारतातील साठ व त्याहून अधिक वयाच्या लोकांच्या पाहणीतून २०२३ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार त्यांच्यापैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. देशभरात ही संख्या सुमारे ८८ लाख भरते. संख्या लहान नव्हे. पण तिचाच दुसरा अर्थ असा की शंभरांपैकी सुमारे ९३ वृद्धांना हा विकार नाही. म्हणजे म्हण खोटी ठरते. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे हा वयाचा धर्म होय. रोजच्या वाटेवरून आपल्या घरी परत येता न येणे हा विकार होय. या दोहोंत विवेक केला पाहिजे. शिवाय थायरॉइडचा दोष, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव, मूत्रमार्गाचा संसर्ग, मनाचे खिन्नपण किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळेही वृद्ध मनुष्य भ्रमिष्टासारखा वागू लागतो, आणि ही कारणे उपचाराने दूर होऊ शकतात. वैद्याला न दाखवता ‘वय झाले’ असे म्हणून स्वस्थ बसणे हा अविचार होय.

या विकाराचे सर्वांत मोठे कारण ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते आलोइस आल्झायमर जर्मनीतील वैद्य होते. फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात १९०१ साली ५१ वर्षांची एक स्त्री त्यांच्या देखरेखीखाली आली. स्वतःचे नाव लिहावयास सांगितले असता ती आरंभ करी आणि पुढचे विसरून मध्येच थांबे. १९०६ साली तिचा अंत झाल्यावर त्यांनी तिच्या मेंदूची तपासणी केली आणि पेशींबाहेर साचलेला मळ व पेशींच्या आत पडलेला गुंता ही दोन लक्षणे त्याच वर्षी विद्वानांपुढे मांडली. यावरून एवढे सिद्ध झाले की अशा मनुष्याचे विसरणे हा हट्ट नव्हे, आळस नव्हे, ढोंगही नव्हे. ज्याचा पाय मोडला त्याला ‘चालत का नाहीस’ म्हणून कोणी रागावत नाही. मग ज्याच्या स्मृतीचे स्थानच झिजले, त्याच्यावर राग का धरावा?

आता दुसरा प्रश्न. सुखी मनुष्याची बुद्धी अधिक टिकते काय? या बाबतीत अमेरिकेतील ख्रिस्ती संन्यासिनींचा अभ्यास प्रसिद्ध आहे. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली तो आरंभिला आणि पुढे ७५ वर्षांवरील ६७८ संन्यासिनी त्यात सहभागी झाल्या. सर्वांचा आहार, निवास व दिनक्रम बहुतांशी सारखा. म्हणून तुलना करणे सोपे. त्यांच्यापैकी अनेकींनी तरुणपणी दीक्षेच्या वेळी स्वहस्ते लिहिलेली आत्मवृत्ते मठात जपून ठेवलेली होती. अशी १८० आत्मवृत्ते तपासून २००१ साली असे दाखविण्यात आले की ज्यांच्या लेखनात आनंद, कृतज्ञता, आशा यांचे उल्लेख सर्वांत अधिक होते, त्या, असे उल्लेख सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा सुमारे सात वर्षे अधिक जगल्या.

येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो : ‘तर मग सुख हेच औषध. जो आनंदी राहील त्याला हा विकार होणार नाही. ज्याला झाला, तो आनंदी राहिला नसला पाहिजे.’

याचे उत्तर असे. आनंदाच्या उल्लेखांचा संबंध दिसला तो आयुष्याच्या लांबीशी. स्मृतिभ्रंशाशी संबंध आढळला तो त्याच आत्मवृत्तांतील विचारांच्या दाटीचा, म्हणजे थोड्या शब्दांत किती अर्थ मांडला याचा. शिवाय संबंध दिसणे आणि कारण सिद्ध होणे यांत अंतर आहे. ब्रिटनमधील सुमारे सात लाख स्त्रियांचा अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. मूळचे अनारोग्य हिशोबात घेतल्यावर, केवळ सुखी नसण्यामुळे मृत्यू लवकर येतो असे त्यात आढळले नाही. रोगाने मनुष्य दुःखी होतो; दुःखामुळेच रोग झाला असे दिसते तो पुष्कळदा भास असतो. मनाची दीर्घ उदासी ही स्मृतिभ्रंशाची आगाऊ सूचना असू शकते, हेही वैद्यांना ठाऊक आहे. म्हणून आजारी मनुष्यावर ‘तू आनंदी राहिला नाहीस’ असा दोष ठेवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

मग करण्यासारखे काहीच नाही काय? आहे. २०२४ साली तज्ज्ञांच्या एका आयोगाने टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती सर्व दूर झाली तर जगातील जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा पुढे ढकलला जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांबरोबरच बहिरेपण, दृष्टिदोष, खिन्नता आणि एकाकीपणा ही कारणेही त्यांत आहेत. ज्या आजोबांना ऐकू येत नाही, त्यांच्याशी बोलणे घरातील माणसे हळूहळू सोडून देतात. ते ओसरीच्या कोपऱ्यात एकटे पडतात आणि मग त्यांची बुद्धी मंदावली असे सर्व म्हणतात. वेळीच श्रवणयंत्र आणून देणे, मोतीबिंदू काढून घेणे, रोज घटकाभर जवळ बसणे, ही कामे शहाणपणाची आहेत.

तथापि कितीही केले तरी काहींची स्मृती जाणारच. तेथे तिसरा आणि खरा प्रश्न उपस्थित होतो. मुलगा दूरगावाहून आईला भेटावयास येतो, दोन घटका बसतो, तिला आवडते ते खाऊ घालतो. तो उंबऱ्याबाहेर पडताच ती विचारते, ‘बाळ अजून आला नाही का?’ मग त्याचे येणे व्यर्थ गेले काय?

याविषयी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात प्रयोग झालेले आहेत. मेंदूतील ज्या भागामुळे नवी आठवण ठरते, तो भाग नष्ट झालेल्या पाच व्यक्तींना दुःखद आणि आनंददायक चित्रपटांचे अंश दाखविण्यात आले. हा वृत्तान्त २०१० साली प्रसिद्ध झाला. आल्झायमरचा विकार झालेल्या १७ व्यक्तींवरील तसाच प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. थोड्याच वेळात पाहिलेले बहुतेक सर्व त्या विसरल्या. काहींना चित्रपट पाहिल्याचेही आठवेना. परंतु त्यातून उपजलेले दुःख आणि सुख अर्ध्या तासापर्यंत त्यांच्या ठायी टिकून होते. प्रयोग लहान आहेत, काळही अल्प आहे. तरी त्यांतून निघणारे प्रमेय मोठे आहे : कारणाची आठवण गेली म्हणून भाव जात नाही.

दृष्टान्त : काळ्या जमिनीत शाळू पेरतात तेव्हा पावसाळा सरलेला असतो. पुढे बहुधा पाऊस पडत नाही. तरी पीक उभे राहते, कारण गेलेल्या पावसाची ओल भुईच्या पोटात असते. आकाशाकडे पाहणाऱ्याला पाऊस कोठेच दिसत नाही. मुळांना मात्र तो लाभत असतो.

दार्ष्टान्तिक : भेट हा पाऊस, प्रसन्नता ही ओल. मुलगा आल्याचे आई विसरली तरी त्याच्या येण्याने झालेली प्रसन्नता लगेच नाहीशी होत नाही. तसेच कठोर शब्दाचेही जाणावे. ‘आत्ताच तर जेवलात!’ असे फटकारल्यावर सासरे ते शब्द विसरतील, पण मन मात्र कष्टी राहील. आणि आपण कष्टी का आहोत हेही त्यांना उमगणार नाही. कारण ठाऊक असलेले दुःख मनुष्य बोलून दाखवितो. कारण हरवलेले दुःख त्याने कोणाला सांगावे?

यावरून आचरणाचे नियम निघतात. वृद्धाची परीक्षा घेऊ नये. ‘सांगा, मी कोण?’ असे विचारण्यापेक्षा ‘आई, मी तुमचा वसंत’ असे आपणच सांगावे. तेच ते विचारले तर तेच ते उत्तर शांतपणे द्यावे. विचारणाऱ्याला तो प्रश्न प्रत्येक वेळी नवाच असतो. सेवेचा भार एकट्या सुनेवर किंवा पत्नीवर टाकू नये. थकलेल्या माणसाचा शब्द नकळत कठोर होतो.

येथे सत्यनिष्ठाला एक अडचण पडेल. वैधव्य येऊन दहा वर्षे झालेली वृद्धा विचारते, ‘हे अजून शेतातून आले नाहीत का?’ ‘ते वारले’ म्हणावे, तर तिच्यावर ते दुःख आजच कोसळते, आणि उद्या पुन्हा कोसळेल. ‘येतीलच’ म्हणावे, तर असत्य घडते. परंतु वाट दोनच नाहीत. ‘त्यांची आठवण येते ना? काय पेरीत असत ते शेतात?’ असे विचारावे. जुने पुष्कळदा अधिक काळ शाबूत राहते. ती सांगू लागते आणि सांगता सांगता तिचा जीव निवतो. असत्य बोलले गेले नाही आणि क्रौर्यही घडले नाही.

ज्या मार्गात नाम, लीला, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हाच साधनेचा प्राण, तेथील वृद्ध साधकाला विस्मृतीचे भय अधिक वाटावे, हे स्वाभाविक आहे. त्याने म्हाइंभटांच्या उद्योगाचा विचार करावा. तेराव्या शतकात त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते एकाच्या आठवणीवर नव्हे. ज्यांनी ज्यांनी पाहिले-ऐकले होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी लीळा मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. एकाला जे आठवले नाही ते दुसऱ्याने पुरविले. स्मृती ही अशी अनेकांनी मिळून राखावयाची ठेव आहे. म्हणून शक्ती आहे तोवर प्रत्येकाने आपले स्मरण आपण करावे. आणि ज्याच्याकडून ते होईनासे झाले, त्याच्याजवळ बसून इतरांनी नाम घ्यावे, त्याच्या ओळखीची लीळा हळू स्वरात सांगावी. त्याला कथा उमजेल न उमजेल. तिचा गोडवा त्याच्यापर्यंत पोचू शकतो. एवढे करणे प्रत्येक घरातील माणसांच्या हाती आहे.