वैजनाथ: हाकेतलं औषध



माझं नाव वैजनाथ. परळीत एका गल्लीत चार सापडतील, पुण्यात आमच्या ऑफिसात मी एकटाच. जुनाट वाटायचं म्हणून मीच त्याचं 'व्हीजे' करून टाकलं होतं.

मूळ शब्द वैद्यनाथ, म्हणजे वैद्यांचा नाथ. अद्यचं आज झालं, विद्युतची वीज झाली, तसंच वैद्यचं वैज. श्रीरुद्रातही शिवाला पहिला दैवी वैद्य म्हटलंय. परळीची कथा सांगते, की समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपवले गेले. दैत्यांनी हात लावला तर ज्वाळा निघाल्या, भक्तांनी लावला तर अमृत. म्हणून इथे स्पर्शदर्शनाची परंपरा.

गेल्या श्रावणात बाबा दवाखान्यात होते. रात्री कळ आली की "वैजनाथा!" म्हणायचे. मी उठून हात धरायचो. हाक मला होती की देवाला, कधी विचारलं नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाने मरताना हाक मारली ती मुलालाच, "नारायणा"; धावून आले विष्णुदूत. पोरांना देवाचं नाव ठेवायचं ते याचसाठी.

पण मग नाव धारण करणाऱ्यावरही काम येतं. वैद्याचं नाव घेतलंय, तर हाकेला उठायला हवं.

बाबा आता घरी आहेत. ऑफिसात मी पूर्ण नाव लिहायला लागलोय. आज तुमच्या नावाचा अर्थ घरच्यांना विचारा, आणि त्यातलं एक काम तरी करा.

हर हर महादेव!